आमच्या घरातलं नेट कोण खातंय?

चार माणसं आणि एक नळ असला की किस्से आपोआप होतात. आमच्या जुन्या हुबळीत पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, त्यामुळं किस्से घागरी भरून पडलेत. आता त्यात वाय-फायची भर. तोही नळच की! एकानं पूर्ण सोडला की दुसऱ्याकडं थेंब थेंब.

त्रास झाला आमच्या सुनेला, रेणुकाला. ती बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरी बसून करते. मीटिंगमध्ये तिचा चेहरा सारखा अडकायचा. शेवटी साहेब म्हणाले, "मोठ्या मीटिंगला परत असं झालं तर बेंगळुरूलाच येऊन बसा!"

मुलाचं, गिरीशचं, कापडाचं दुकान इथं लॅमिंग्टन रोडवर. म्हणजे नवरा इथं, बायको तिथं! घरात कुणाला घास गोड लागेना.

गिरीशनं माझ्या फोनवर एक ॲप घातलं. कोण किती नेट ओढतंय, त्याची पट्टी दिसते. मला इंग्रजी येत नाही, म्हणून नावांऐवजी चित्रं लावली.

"अप्पा, तुम्ही नुसतं बघत बसा."

शाळा नाही झाली, पण जन्मभर कापड मापलंय. लांब-आखूड मला कळतं!

*

पहिल्याच दिवशी फुलाची पट्टी लांबलचक. फूल म्हणजे आमची मंडळी.

"मी सकाळपासून फोनला हात लावला नाही!" ती म्हणाली.

खरंच होतं. फोन देवघरात उभा होता, आणि त्यावर देवळातलं लाइव्ह दर्शन दिवसभर चालू!

"देवाला बंद कसं करू?"

"बंद नको करू. नैवेद्य झाला की देव झोपतो ना? तेव्हाच रेणुकाची मीटिंग असते."

तेव्हापासून आमचा देव दुपारी वेळेवर झोपतो!

*

मग बॅटची पट्टी वाढली. बॅट म्हणजे माडीवरचा भाडेकरू बसण्णा. त्याचं नेट बंद पडलं, तेव्हा एका दिवसापुरतं आमचं दिलं होतं. तो एक दिवस अजून संपला नव्हता.

"अज्जा, देवाशप्पथ, मी फक्त स्कोर बघतो!"

"स्कोर बघणारा एवढा नाचतो होय रे? छताचा गिलावा माझ्या आमटीत पडला!"

संध्याकाळी त्यानं स्वतःचं कनेक्शन घेतलं. वर आमटीही मागून नेली.

*

तरी रेणुकाचा चेहरा अडकायचाच. एक पट्टी उरली होती, बिनचित्राची, आणि सगळ्यांत लांब.

गिरीश तापला. "शेजारचा कुणीतरी चोरतोय! बघतोच त्याला!"

मला घाई नव्हती. मी बघत बसलो. गिरीश दुकानाला गेला की पट्टी लांब. जेवायला घरी आला की आखूड. पुन्हा गेला, पुन्हा लांब.

एका दुपारी रेणुका त्याच्या ताटात भात वाढत होती, तेव्हा मी विचारलं, "दुकानात बसून फोनवर काय बघतोस रे?"

"नळ!"

पाणी आलेलं कळावं म्हणून पठ्ठ्यानं दारातल्या नळासमोर कॅमेरा बसवला होता, आणि दिवसभर तिकडून कोरडा नळ लाइव्ह बघायचा!

"कॅमेरा कुठं नेट खातो, अप्पा? तो तर नुसता बघतो!"

रेणुकानं वाढायचा डाव खाली ठेवला. "म्हणजे चोर माझ्याच हातचं जेवतोय!"

*

मोठ्या मीटिंगचा दिवस उजाडला. कॅमेरा बंद, देव झोपलेला. मी फोन धरून बसलो. एकच पट्टी लांब होती, रेणुकाची. तिच्या पडद्यावर साहेब, आणखी कितीतरी तोंडं, आणि आमची सून झऱ्यासारखी बोलतेय!

तेवढ्यात दारातला नळ खाकरला.

आमच्या गल्लीची रीत अशी, की पाणी ज्याला पहिलं दिसेल त्यानं सगळ्यांना ओरडून सांगायचं. आमच्या मंडळीनं रीत पाळली. गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा आवाज!

"नीर बंतु! पाणी आलं गं, पाणी आलं!"

रेणुका थांबली.

"कोण ओरडलं?" साहेबांनी विचारलं.

"सासूबाई, सर."

साहेब जरा पुढं वाकले.

"शब्द न् शब्द ऐकू आला! बेंगळुरूचं राहू द्या, रेणुका. आधी मोटर लावा!"