हरायलाही सात जण लागतात

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. आमगावजवळच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. पुढे लिहायचं काम पडलं ते फक्त किराण्याच्या चिठ्ठीचं. हे मी कोणाला दाखवणार नाही. पण काल जे झालं त्यावरून सासूबाईंची फार आठवण आली, आणि चारचौघांत बोलायला लागले की माझी जीभ अडते, म्हणून लिहिते आहे.

आमच्या सासूबाईंना सगळा कैंप-१, म्हणजे पोलादाच्या प्लांटजवळची आमची वस्ती, आजी म्हणायचा. ही आजी जिंकून आलेल्या माणसाला पाणीसुद्धा विचारत नसे. हरून आलेल्याला मात्र ताटभर पोहे, वरून झणझणीत तर्री. त्या कामठीकडच्या होत्या, वडील रेल्वेत गँगमन होते. तर्री त्यांच्या हाताला माहेरूनच लागलेली होती. तोंडात दात मोजकेच उरले होते, म्हणून स्वतः पोहे तर्रीत भिजवून लगदा करून खायच्या. पोरांचे मात्र मोकळे आणि कोरडे असत. आणि पोरं म्हणजे आमच्या मोहल्ल्याची फुटबॉलची टीम. ती इतक्या वेळा हरत असे की आमच्या घरात पोह्यांचं पोतंच आणून ठेवावं लागे.

याची सुरुवात भांडणातून झाली. आमच्या मागच्या भिंतीला लागून मैदान आहे. अंगणात बाजेवर मुगाच्या वड्या वाळत घातल्या की चेंडू नेमका त्यांच्यावर येऊन पडायचा. एक दिवस सगळ्या वड्यांचा चेंदामेंदा झाला, तशा आजी चेंडू काखोटीला मारून निघाल्या. माझं नुकतंच लग्न झालं होतं, मी पदर सावरत मागे गेले. मैदानात दुसरा चेंडू आणून सामना चालूच होता आणि आमची पोरं सहा गोलांनी मागे होती. कोणी तरी बाहेरून ओरडत होतं की कैंपवालों को गिनती सिखा दो. लोक हसत होते. आजी थांबल्या. काखेतला चेंडू खाली ठेवला, त्याच्यावरच बसल्या आणि शेवटची शिटी होईपर्यंत उठल्या नाहीत. परत येताना मला म्हणाल्या, "मी भांडायले गेली होती, पन या पोट्ट्यायले आधीच कोनी तरी मारून राहिलं होतं. मंग मी अजून कावून मारू?"

त्याच संध्याकाळी पहिले पोहे झाले. आमचे हे म्हणाले, जिंकल्यावर खाऊ घालायचं असतं, हरल्यावर कसलं. आजी कांदा चिरत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "जितलेल्याले सारं गाव खाऊ घालते. हारलेला पोट्टा घरी गेला तं बाप बी बोलते अन् माय बी बोलते. त्यानं जाव कुठी?"

एकदा खरंच जिंकले. ढोल वाजवत, गुलाल उडवत आमच्या दारात आले आणि सवयीने ओसरीवर बसले. आजींनी दार अर्धंच उघडलं. त्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "जितले ना? मंग जा घरी. माय वाट पाहून राहिली असन." दार लावून घेतलं. कॅप्टन दुर्गेश गुलाल झटकत दाराशी आला. म्हणाला, "आजी, जीतने में तो नुकसान है." आत आजी पदरात तोंड लपवून हसत होत्या.

टीम वाईट नव्हती, असं आजींचं ठाम मत होतं. हरायचं कारण शिफ्ट. सगळी पोरं प्लांटमध्ये नाही तर आसपासच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखाली होती. सामना दुपारचा. बी शिफ्टवाले त्या वेळी कामावर, सी शिफ्टवाले रात्रभर जागून झोपलेले, आणि ए शिफ्टवाले दोनला सुटून उपाशीपोटी सरळ मैदानात. सामन्याच्या दिवशी आजी हातात सराटा, म्हणजे पोह्यांचं लोखंडी उलथणं, घेऊन गल्लीगल्लीत फिरायच्या आणि सी शिफ्टवाल्यांची दारं बडवायच्या. आतून बायका कुरकुर करत की आत्ता तर पाठ टेकली. आजी बाहेरूनच सांगायच्या, "म्हातारा झाला का झोपजो म्हना. आता बूट घाल."

आमचा गोलकीपर वेंकट, तेलुगू मुलगा, हात लांब आणि बोलणं कमी. दर सामन्याला त्याची नेमकी बी शिफ्ट. एकदा आजी मला घेऊन ऑटोने सुपेल्याला गेल्या, त्याच्या ठेकेदाराच्या दुकानात. ठेकेदाराने खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. गिऱ्हाईक येत होतं, जात होतं, आजी मधोमध उभ्या. मला तर लाजेने जमीन फाटावी असं झालं होतं. तो म्हणाला, माताजी, ऐसे सबको छुट्टी देंगे तो काम कौन करेगा. आजी त्याच्याशी मराठीतच बोलल्या, तो मराठी नव्हता तरी. "सुट्टी कोन मांगून राहिलं? दिवस बदलून मांगून राहिली. तुहं काय गहान पडते?" त्याने दिवस बदलून दिला. वेंकट खेळला, आणि आपण तीनच गोलांनी हरलो. त्या दिवशी आजींनी तर्रीत चणे जास्त टाकले होते.

खेळाचे नियम त्यांनी शिकून घेतले, पण एक नियम शेवटपर्यंत मानला नाही, तो ऑफसाइडचा. दुर्गेशने अंगणात वाट्या मांडून समजावलं. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुढं गेला म्हनून शिटी? पुढं जायासाठीच तं खेळून राहिला ना तो?" त्यानंतर रेफरीने तशी शिटी मारली की आजी उभ्या राहायच्या आणि त्याच्या डोळ्यांची चौकशी करायच्या. यांना फार लाज वाटायची. म्हणायचे, आई, लोकं हसून राहिले. आजी म्हणायच्या, "हसू दे. तिकीट थोडी लावलं आपन."

मग ते वर्ष आलं. सामन्याला आमचे पाचच जण जमले. सात गडी उभे राहिले तरच सामना धरतात, खेळताना सातांच्या खाली गेले तरी सामना गेला, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. समोरच्यांना वॉकओव्हर मिळाला. आजी चेंडूवर बसल्या होत्या त्या तशाच बसून राहिल्या. हरल्यावर काय करायचं ते त्यांना माहीत होतं, पण हे हरणंही नव्हतं. त्या संध्याकाळी पोहे झाले नाहीत. पोरंही आली नाहीत.

पुढच्या वर्षी टूर्नामेंटच्या सेक्रेटरीने अट घातली. कैंपच्या टीमने आधी दोन हजार अनामत ठेवायची. तिन्ही सामने शेवटपर्यंत खेळले तर परत, एकही सोडला तर पैसे गेले आणि टीमचं नावही कायमचं गेलं. वर म्हणाला की आप लोग नहीं आएंगे तो भी टूर्नामेंट चलेगा. दुर्गेश आमच्या ओसरीवर बसून सांगत होता की आता बंद करू, पोरं क्रिकेट खेळतील. आजी उठून आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. त्यात त्यांचे कवळीचे पैसे होते, सासऱ्यांच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनमधून थोडे थोडे टाकलेले. डॉक्टर बघून झाला होता, तोंडाचं माप तेवढं द्यायचं राहिलं होतं.

हे म्हणाले, आई, दाताचे पैसे आहेत ते.

"दात नसले तरी शिव्या देता येतात," आजी म्हणाल्या. मग दुर्गेशकडे वळल्या. "हारायले बी सात जन लागतात. घरी बसून राहन्याले हारनं नाही म्हनत. जा, भरून ये."

पहिला सामना नऊ जण घेऊन हरलो, दुसरा आठ जण घेऊन. तिसऱ्याच्या आधी आजी मोरीत घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. सामन्याच्या दिवशी सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. धुतलेल्या जर्सींची थैली उशाशी होती, ती माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तू जा. बोलू नोको, काही करू नोको. फक्त मोज."

मी गेले. ओळखीच्या बायाही नव्हत्या तिथे, सगळे पुरुष. मी रेघेपासून लांब, डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले आणि मोजले. सहा. वेंकट बी शिफ्टला अडकला होता. दुर्गेश फोनवर फोन लावत होता आणि रेफरी घड्याळ बघत होता. तेवढ्यात भिंतीजवळ हे दिसले. ए शिफ्ट करून सरळ आले होते, हातात डबा, पायात सेफ्टी शूज. नुसते बघायला आले होते. मी त्यांच्याजवळ गेले. थैलीतून वेंकटची जर्सी काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी जर्सीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी? मले धावता येते का आता?" मी जर्सी धरलेला हात खाली केला नाही. त्यांनी डबा माझ्याकडे दिला.

सेफ्टी शूजला पुढे लोखंड असतं, म्हणून रेफरीने ते काढायला लावले. हे अनवाणी गोलमध्ये उभे राहिले. जर्सी पोटावर चढत होती. पुढचं सगळं लिहीत नाही. चेंडू येत होता आणि जात होता. एक मात्र यांनी अडवला, पोटाने, आणि सगळं मैदान टाळ्या वाजवत हसलं. आमची पोरंही हसली. खूप दिवसांनी मी त्यांना मैदानात हसताना पाहिलं.

शेवट जवळ आला तेव्हा यांच्या पोटरीत गोळा आला आणि ते खाली बसले. पाय धरून आडवेच झाले. रेफरी धावत आला, बाहेर न्यायचं का विचारू लागला. समोरचे खेळाडू हात झटकून निघायच्या तयारीला लागले. हे बाहेर गेले की आपण सहा. दोन्ही सामने, आजींचे दात, टीमचं नाव, सगळं त्या एका पोटरीत अडकलं होतं. दुर्गेश कमरेवर हात ठेवून नुसता बघत होता.

मी रेघेपर्यंत गेले. पदर कधी पडला ते कळलं नाही.

"अहो, उठा."

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. यांनाही नव्हतं, त्यांनी मान वळवून पाहिलं. मी पुन्हा म्हटलं, "उठा ना. नुसते उभे राहा." बाजूला बसलेल्या हिंदी बोलणाऱ्या पोरांनी ते उचललं. त्यांना वाटलं यांचं नावच अहो आहे. सगळे एका सुरात अहो, उठा, अहो, उठा ओरडायला लागले, समोरच्या टीमची माणसंसुद्धा. हे गोलच्या खांबाला धरून उठले. एका पायावर उभे राहिले. आणखी दोन गोल झाले तेही त्यांच्या बाजूने निघून गेले. पण शिटी वाजली तेव्हा सात होते.

सेक्रेटरीकडे पैसे घ्यायला दुर्गेशसोबत मीही गेले. तो नोटा देताना म्हणाला की टीम उशिरा उतरली, दोनशे कापतो. दुर्गेशने मान हलवली, त्याला एवढंच पुष्कळ होतं. मी मात्र हललेच नाही. बोललेही नाही, माझा त्या दिवसाचा आवाज संपला होता. आजी सुपेल्यात उभ्या होत्या तशी उभी राहिले. मागे दुसऱ्या टीमचे लोक थांबले होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि दोनशे काढून दिले.

घरी आजींनी आधी विचारलं, किती होते. मी सांगितलं, सात. गोल किती झाले ते त्यांनी विचारलंच नाही. सातवा कोण हे ऐकल्यावर मात्र त्यांनी लंगडत आलेल्या आपल्या मुलासाठी सरकून शेजारी जागा केली. मग म्हणाल्या, "याले पहिले वाढ. अन् पोहे जास्त भिजव, पोट्टे येऊनच राहिले असतील." त्या दिवशी तर्री मी केली. तिखट जास्त झालं, तरी पातेलं रिकामं झालं.

कवळी काही बसली नाही. पाय बरा झाला तरी आजींनी ते पैसे डब्यातच ठेवले आणि पुढच्या वर्षी पुन्हा भरले. परत आले, पुन्हा भरले. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायच्या, "ते पैसे कामावर गेले आहेत." दोन वर्षांपूर्वी थंडीत त्या गेल्या. प्लांटमधून सुटून आलेली पोरं, हेल्मेट हातात घेऊन, आमच्या गल्लीत मावत नव्हती. तेराव्याला दुर्गेशने मला एकटीलाच विचारलं, "भाभी, आगे क्या?" मी आत जाऊन डबा आणला.

आता सराटा घेऊन मी फिरते. दार वाजवते, बोलत काही नाही, वाजवत राहते. यांना गल्लीतली पोरं अजून अहो म्हणतात आणि हे ओ देतात. यंदाही आम्ही तिन्ही सामने हरलो, सात, आठ आणि पुन्हा सात जण घेऊन. सेक्रेटरी तोच आहे. काल मला येताना बघून त्याने नोटा आधीच मोजून ठेवल्या होत्या. पैसे परत मिळाले. पूर्ण.