संस्थेचा गज

संस्थेच्या मॅडमनी माझी खुर्ची चपलेच्या टोकाने मागे ढकलली. मी तिच्यावरून उठायच्या आत.

"अजून थोडी," मोबाइलमधून बघत त्या म्हणाल्या. "हां. आता फ्रेम भरली."

मी व्हायोलिन छातीशी धरून बसून राहिले. अमरावतीचं मोठं सभागृह, स्टेज, शेवटची ओळ. पुढे पुण्या-मुंबईहून आलेले वादक. मागे आम्ही चौघं, इथले.

या सांस्कृतिक संस्थेने पाश्चात्त्य संगीताचा ऑर्केस्ट्रा उभा केला होता. येत्या सीझनमध्ये पाच मैफिली, तीन अमरावतीत, दोन अकोल्याला. पत्रकावर लिहिलं होतं, वऱ्हाडचे कलाकार वऱ्हाडसाठी. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की सिनेमाची गाणी. आईनेही तेच विचारलं, "कोनती कोनती गानी हायेत?" मी सांगितलं, गाणी नसतात, कागदावर लिहिलेलं सगळे मिळून वाजवतात. तिने मान हलवली. "तू वाजवशील नं? मंग बास."

आमची नांदगाव खंडेश्वरजवळ फुलांची शेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. मला मात्र अमरावतीच्या इंग्रजी शाळेत घातलं, होस्टेलवर. तिथे मला इंग्रजी आलं आणि बोलणं गेलं. तोंडातून 'काहून' निघालं की वर्ग हसायचा. म्हणून गप्प राहायला शिकले. प्रार्थनेसोबत व्हायोलिन वाजवणाऱ्या एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. त्यांनी मला शिकवलं, आणि जाताना आपलं व्हायोलिन माझ्याजवळ ठेवून गेल्या. अकरा वर्षं झाली. रोज वाजवते.

संस्थेतून फोन आला तेव्हा मला उंची विचारली. उभा फोटो मागितला. वाजवून दाखव, असं कोणी म्हटलं नाही. संशय तेव्हाच आला होता. पण हवी असलेली गोष्ट हातात येत असली की माणूस संशयाला गप्प बसवतो. मला तर गप्प बसवण्याची सवयच.

पहिल्या तालमीला आमचे गज काढून घेतले. व्हायोलिनच्या तारांवर फिरवतात ती काठी म्हणजे गज. तिला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात, त्यांना राळ घासायची. राळ असली की केस तारेला धरतात. नसली की नुसते घसरतात.

"सगळे गज एकसारखे दिसले पाहिजेत," मॅडम म्हणाल्या. "संस्थेचे वापरायचे. तालीम झाली की ते परत करायचे, आपापले घेऊन जायचे."

संस्थेचे गज एका पेटीत होते. प्रत्येकाच्या मुठीला हिरवी पट्टी. पुढच्या ओळीतल्या कोणाच्याच गजाला हिरवी पट्टी नव्हती. मी ते पाहिलं. पाहून ठेवलं.

माझा गज वाजेना. तारेवरून सरकायचा, काचेवरून ओलं बोट सरकावं तसा. मी माझ्याजवळची राळ घासली. तरी तेच. घरी माझ्या गजावर तालमीतला तोच संगीताचा तुकडा स्वच्छ वाजायचा. इथे मुकाट. मला वाटलं, माझ्याच हातात काही नाही. मोठ्या माणसांत बसले की हात गार पडतात माझे.

धीर करून मॅडमना सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "टेन्शन घेऊ नकोस गं. हळू वाजव. तुम्हा लोकांना हळूच शोभतं."

तुम्हा लोकांना. मी इंग्रजी शाळेतली आहे हे त्यांना माहीत होतं. तरी.

सीझनची घोषणा झाली त्या दुपारी आम्ही दोन तुकडे वाजवले. पाहुणे, पत्रकार, कॅमेरे. पत्रकावर आमचा फोटो, त्यात मी ठळक. आई शेतातून आली होती, ठेवणीतलं पातळ नेसून. शेवटच्या रांगेत बसली. तुकडा संपला की सगळ्यांच्या आधी टाळ्या तिच्या.

बाहेर तिने माझा हात धरला. "लय भारी वाटलं पोरी. पन एक सांग, त्याच्यात तुहा आवाज कोनता व्हता?"

"सगळ्यांचा मिळून एकच असतो," म्हटलं. शाळेतलं उत्तर. तिने ते घेतलं. मला ते गिळवेना.

दुसऱ्या दिवशी तालमीत मी गज दाबून, रेटून फिरवत होते. शेजारच्या खुर्चीवर आम्हा चौघांतले बाळापूरचे काका. जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये आणि भजनात व्हायोलिन वाजवलेले.

"इतका जोर काहून लावून राहिली?" ते हळूच म्हणाले. "तो गज वाजत नाई. वाजाले केलाच नाई."

त्यांनी केसांवरून नख ओढलं. नखात पांढरं आलं. माझ्या नाकापुढे धरलं.

साबण. कपडे धुवायचा.

"पयल्याच दिवशी वळखला म्या," काका हसले. "आपलं काम डोलाचं. पोळ्याच्या बैलावानी सजाचं अन् उभं राहाचं. फकत हात बाकीच्याइच्या उलटा नको जाऊ देऊ, फोटोत दिसते."

"मला सांगितलं का नाही?"

"मले वाटलं, तुले ठावं हाय. तू तं इंग्रजी शाळेत शिकेल पोरगी."

मी मॅडमकडे गेले. त्या फोनवर होत्या. मी थांबले. मग विचारलं, "गजाला साबण का लावलाय?"

त्या दचकल्या नाहीत. "अगं, जगभर करतात हे. खुर्च्या भरलेल्या दिसाव्या लागतात. पर्सनली घेऊ नकोस."

"मला वाजवता येतं."

"कोणी ऐकलंय तुला?"

"तुम्ही ऐका. आत्ता."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "सीझन तोंडावर आलाय. आणि पत्रकावर फोटो आहे ना तुझा? आई खूश असेल."

त्या वाक्याने झालं. इतकी वर्षं लोक हसले, मी मान खाली घातली. पण हे हसू माझ्या आईच्या ठेवणीतल्या पातळावर होतं.

अकोल्याच्या तालमीला मी माझा गज घेऊन गेले. ओढणीत गुंडाळून, चोरासारखी. हिरव्या पट्टीचा पेटीतून उचललाच नाही. सरांनी, म्हणजे ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्यांनी, हात वर केला. आम्ही सुरू केलं. मी वाजवलं. दोन महिने जे घरी वाजवत होते तेच.

सरांनी हात खाली घेतला. सगळं थांबलं.

"मागून कोण?"

काकांनी खुर्चीखाली बघितलं. बाकी दोघं एकमेकांकडे. मी उभी राहिले.

"मी," म्हटलं. "चुकलं असेल तर कुठे ते सांगा."

सरांनी समोरचा कागद पाहिला. "तिसऱ्या ओळीत तुमचा स्वर थोडा चढा लागतोय."

खरं होतं. तिथे माझा स्वर चढतोच. दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणी मला ऐकलं होतं. चूक काढण्याइतकं.

मॅडम स्टेजवर आल्या. हातात हिरव्या पट्टीचा गज. "हा घे आणि बस. नाहीतर खुर्ची रिकामी कर."

मी सरांकडे पाहिलं. ज्याने ऐकलं तो बोलेल असं वाटलं. त्यांनी पान उलटलं.

मी खुर्ची रिकामी केली. स्टेजवरून उतरताना मागे संगीत सुरू झालं. वळून पाहिलं तर काकांचा हात सगळ्यांसोबत बरोबर वर-खाली होत होता. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण मी तशी म्हातारी होणार नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. ती झेंडू तोडत होती. हात थांबला.

"मंग म्या टाया कोनासाठी वाजवल्या?"

ती परत झेंडू तोडू लागली. मीही तिच्यासोबत.

पत्रकावरून माझा फोटो काढा, असं संस्थेला लिहून दिलंय. उत्तर आलेलं नाही. पत्रकं अजून अमरावतीत, अकोल्यात, बसस्टँडपर्यंत लागलेली आहेत. त्यात मी हनुवटीखाली व्हायोलिन धरून बसले आहे, डोळे मिटून, जणू फार मोठा स्वर लागलाय. गजाची हिरवी पट्टी स्पष्ट दिसते.

पहिल्या मैफिलीला मी जाणार आहे. आईला घेऊन, दाराशी उभी राहणार आहे. पत्रकातली मुलगी तूच ना, असं कोणी विचारलं तर सांगेन, हो, मीच, आणि त्या गजाला साबण होता.

नाही विचारलं तरी सांगेन.