कुणीच न लावलेला बिल्ला

बिल्ले जमवणाऱ्या माणसांबद्दल मला काडीचा आदर नाही. बिल्ले लावून मिरवणाऱ्यांबद्दल तर त्याहून नाही. हे मी लांब उभी राहून बोलत नाही. बिल्ले करणं हा माझ्या वडिलांचा धंदा होता, आता तो माझ्याकडे आहे. म्हैसुरात ज्याला ज्याला छातीवर काहीतरी टोचून हिंडायची हौस आली, त्यातल्या कितीतरी जणांची हौस आमच्याच पुढच्या खोलीत भागली आहे.

आम्ही मूळचे रंगारी. इथे येऊन किती पिढ्या झाल्या ते घरात कुणाला धड सांगता येत नाही, पण घरात बोलतो ते मराठीच, निम्मं कन्नड मिसळलेलं. आजोबांच्या वेळेपर्यंत कापड छापायचं काम होतं. ते गिरण्यांनी खाल्लं, तेव्हा समारंभाच्या रेशमी फिती छापायला घेतल्या, आणि वडिलांनी फितींवरून पत्र्याच्या गोल बिल्ल्यांवर उडी मारली. त्यासाठी घेतलेला हातदाबाचा लोखंडी प्रेस अजून पुढच्या खोलीत आहे. पत्र्याच्या टोपीवर छापलेला गोल कागद ठेवायचा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक ठेवायचं आणि दांडा ओढायचा. मग मागची पिनवाली चकती बसवून दांडा पुन्हा एकदा ओढायचा. खरी मेख त्या दुसऱ्या ओढण्यात असते. वरच्या चित्राचं डोकं आणि मागची पिन एका रेषेत आली नाही, तर बिल्ल्यावरचा पुढारी छातीवर दारू प्यायल्यासारखा कलंडतो.

दांडा वडील ओढायचे आणि चकत्या आई बसवायची. आम्हा मुलांना चकत्या बसवायला दिल्या की तिचं पालुपद सुरू व्हायचं, "सरियागी लाव गे, सरियागी." नीट, सरळ, जशी हवी तशी, या सगळ्याला आमच्या घरात हा एकच कन्नड शब्द. आयुष्यभर तिनं परक्यांच्या छात्या सरळ केल्या.

आणि त्या छात्या तरी कसल्या! निवडणूक आली की सगळ्या पक्षांचे बिल्ले एकाच दांड्याखालून निघायचे. आमच्या दारात एकमेकांना शिव्या घालणारे कार्यकर्ते आत येऊन शेजारी शेजारी बसून आईच्या हातची कॉफी प्यायचे. त्यातले काही तर सकाळी एकाचा बिल्ला लावून मिरवणुकीत जायचे आणि दुपारी दुसऱ्याचा लावून जेवणाच्या पाकिटाला. नटांच्या चाहतेमंडळांचं तर विचारूच नका. सिनेमा लागला की नटाचा हसरा फोटो, आणि तो नट गेला की तोच हसरा फोटो, भोवती फक्त काळी कड. रडत आलेली पोरंसुद्धा कड जरा जाड करा म्हणून हुज्जत घालायची. नोव्हेंबरात राज्योत्सवाचे लाल-पिवळे बिल्ले, कन्नडच्या अभिमानाचे, ते न्यायला येणारे साहेब मात्र आपल्या पोराशी इंग्रजीतच बोलणार. हुणसूर, पिरियापट्टणकडून तंबाखू लावणाऱ्यांच्या संघाच्या ऑर्डरी यायच्या, आणि सरकारी कचेऱ्यांतून निषेधाच्या काळ्या बिल्ल्यांच्या. काळा बिल्ला ही आपल्या लोकांची खास आवड. काम करायचं, पगार घ्यायचा आणि वर निषेधही झाला.

पण या सगळ्यांपेक्षा माझ्या डोक्यात जायचा तो आमच्याच समाजाचा नवरात्रातला समारंभ. आमची वस्ती मूठभर, पण त्या दिवशी मंडपात बिल्ल्यांचं राज्य असायचं. अध्यक्षांचा बिल्ला बशीएवढा, खाली तीन फिती. कार्यदर्शींचा, म्हणजे चिटणिसांचा, त्याहून लहान, दोन फिती. स्वागत समितीला एक फीत, आणि स्वयंसेवक म्हणून नुसतं उभं राहणाऱ्यांना बिनफितीचा. हे बिल्ले आपले आपण लावायचे नसत. अध्यक्ष व्यासपीठावर एकेकाला बोलवून, टाळ्यांच्या गजरात, स्वतःच्या हातानं लावायचे. ज्यांना घरात कुणी विचारत नसे असे काका-मामा त्या दिवशी छाती काढून फिरायचे, आणि दुसऱ्या दिवशीही शर्टावरून बिल्ला काढायचं त्यांच्या जिवावर यायचं.

बायकांना बिल्ला नव्हता. बायका स्वयंपाकघरात. कारण काय, तर एकदा म्हणे कुणा बाईंचा बिल्ला सुटून सांबाराच्या हंड्यात पडला आणि पिन जेवणाऱ्याच्या पानात आली. हे कुणी पाहिलं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण तेव्हापासून रिवाज पडला की स्वयंपाकाच्या हातांना बिल्ला नाही. आणि त्याच बायकांच्या बांगड्यांत सेफ्टी पिनांचे झुपकेच्या झुपके लटकत असायचे, हंड्यावर वाकताना खुळखुळायचे. त्या पिना एकाही शहाण्याला दिसल्या नाहीत.

माझ्या आईनं त्या स्वयंपाकघरात उभी हयात घालवली. मंडपात चढणारा प्रत्येक बिल्ला तिनं आदल्या आठवड्यात सरळ केलेला असायचा, आणि त्या दिवशी ती आत भात वाढत असायची. मला वाटायचं, तिलाही माझ्यासारखंच या प्रकाराचं हसू येत असेल. पण तिला बिल्ला हवा होता. हे मला कळलं ते अलीकडे, समाजाच्या सभेचा अमृतमहोत्सव ठरला तेव्हा. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईचे गुडघे गेले होते, त्यामुळे तिचा स्वयंपाकघराशी संबंध उरला नव्हता, आणि स्वयंपाकाचं कंत्राटही आता केटररकडे होतं.

एका संध्याकाळी ती प्रेसकडे बघत म्हणाली, "आता मी हंड्याजवळ जात नाही की. यंदा देतील ना गे मला?"

काय देतील ते मला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा राग आला. ऐंशी ओलांडलेली बाई, आणि मागतेय काय, तर पत्र्याची चकती!

अध्यक्ष ऑर्डर द्यायला आले तेव्हा मी आडून न बोलता सरळ सांगितलं की यंदा आईचं नाव घ्या. ते तोंडभर हसले. आईकडे वळून म्हणाले, "अक्का, तुम्हाला बिल्ला कशाला? तुम्ही तर घरच्याच." ज्याला काही द्यायचं नसतं त्याला घरचा म्हणायची ही आमच्याकडची जुनी युक्ती आहे. आईनं मान हलवली आणि त्यांच्यासाठी कॉफी टाकायला सांगितली. मी मुद्दाम साखर न घालता दिली.

ऑर्डर पुरी केली आणि मी एक बिल्ला जास्तीचा काढला. लाल फितीचा, स्वागत समितीचा. चकती इतक्या काळजीनं बसवली की वडील असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. तो आईच्या पदराला लावायला गेले तर तिनं माझा हात धरला.

"बेडा," ती म्हणाली. नको. "घरात लावून काय करू? असं मलाही करता आलं असतं की एवढी वर्षं. बिल्ला चारचौघांत लावतात. दुसऱ्यानं लावायचा असतो."

मी तिला पुष्कळ सुनावलं. म्हटलं, ज्यांच्या हातून तुला तो हवाय त्यांची लायकी काय आहे ते तरी बघ. ती म्हणाली, "लायकी मला ठाऊक आहे गे. त्यांचे बिल्ले मीच केले." बिल्ला मी दुकानाच्या खणात टाकला.

याच सुमारास एक गृहस्थ आमच्याकडे यायला लागले. पुण्याहून नोकरीसाठी इथे आलेले, विजयनगरकडे मोठा फ्लॅट, आणि छंद म्हणजे बिल्ले. जुन्या बिल्ल्यांतून शहराचा इतिहास उलगडतो, असं ते पहिल्याच भेटीत म्हणाले. मी म्हटलं, उलगडतो तर. आईचं बोलणं ऐकून त्यांना गहिवरून यायचं. "किती गोड मराठी आहे हो तुमचं, अगदी वेगळंच!" असं ते तिच्या तोंडावर म्हणायचे, जणू ती बोलायला शिकलेलं पाखरू होती. आई बिचारी त्यांना "या की, बसा" म्हणायची आणि चकलीची बशी पुढे सरकवायची.

त्यांची पारख पाहण्यासारखी होती. बिल्ला हातात घेतला की समोरची बाजू बघायचीच नाही, उलटा करायचा. भिंग लावून पिन बघायची. पिन जरा वाकलेली असली, तिच्या टोकाला कापडाचा धागा अडकलेला असला, की तोंड कडू. "वापरलेला आहे," म्हणून बाजूला. त्यांना हवा असायचा तो कुणीच न लावलेला. कुणी भर उन्हात मिरवणुकीत लावला, घामानं गंजला, कुणी मेलेल्या नटासाठी लावून रडलं, तो सगळा कचरा. छापून झाल्यावर पेटीतच पडून राहिलेला, कुणाच्याही कामी न आलेला, तो अस्सल. आणि हा माणूस आम्हाला इतिहास सांगणार! समाजाच्या मंडळींवर मात्र त्यांची छाप पडली, आणि अमृतमहोत्सवाचे प्रमुख पाहुणे म्हणून त्यांनाच बोलावलं गेलं.

त्या दिवशी आईनं मोरपिशी म्हैसूर सिल्क नेसली. पदराला खांद्यावर ती नेहमी एक मोत्यांची पिन लावते. ती तिनं त्या दिवशी लावली नाही. जागा मोकळी ठेवली होती.

दुसऱ्या रांगेत आम्ही बसलो. एकेकाचं नाव पुकारलं जात होतं, अध्यक्ष बिल्ले लावत होते, लोक टाळ्या वाजवत होते. पाहुण्यांना लावला. त्यांच्या कपाळावर बारीक आठी पडली, शर्टाला भोक पडलं म्हणून असेल. स्वागत समिती झाली, स्वयंसेवक झाले. मग केटररला बोलावलं. त्यानं देणगी दिली होती. पांढऱ्या ॲप्रनवर त्याला बिल्ला लावला गेला आणि तो लगेच खाली उतरून सांबाराच्या हंड्याकडे गेला. मी आईकडे पाहिलं. ती ताठ बसून टाळ्या वाजवत होती.

मग एकदाचं तिचं नाव आलं. आमची अन्नपूर्णा, असं माइकवर म्हणाले. मी हात धरून तिला वर नेलं. अध्यक्षांनी शाल उघडली आणि बरोबर त्या मोकळ्या खांद्यावर टाकली. फळांची परडी हातात दिली. फोटो झाला. आई क्षणभर तिथेच उभी राहिली, अजून काही व्हायचं बाकी असल्यासारखी, तोवर पुढचं नाव पुकारलं गेलं होतं.

घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "शाल बरी आहे. ऊब आहे." घरी आल्यावर तिनं ती घडी करून कपाटात ठेवली, आधीच्या शालींवर. मला त्या माणसांचा इतका संताप आला होता की जेवण उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाहुणे दुकानात हजर. लग्नपत्रिकेचा नमुना बघायला एक नवरा-बायको बसले होते, समोरच्या फुलवाल्या अक्का सुट्टे मागायला आल्या होत्या, आणि आई नेहमीप्रमाणे दाराजवळ खुर्ची टाकून बसली होती. पाहुणे जरा ओशाळून म्हणाले, "काल मला लावला ना तो, त्यामुळे त्याच्या पिनेला खूण झाली. या महोत्सवाचा एखादा न लावलेला मिळेल का? संग्रहासाठी?"

मी नाही म्हणणार होते. पण आई म्हणाली, "खणात एक आहे की. दे त्यांना."

मी खण उघडून बिल्ला त्यांच्या हातात दिला. त्यांनी सवयीनं तो उलटा केला, भिंग काढलं, पिन निरखली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगदी कोरा आहे! नक्की कुणी लावलेला नाही ना?"

"नाही," आई म्हणाली. "कुणीच लावला नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. मी त्या माणसाच्या बोटांतून बिल्ला हिसकावून घेतला, आईच्या खुर्चीपाशी गेले आणि पिन उघडून सगळ्यांच्या देखत तिच्या पदरात खुपसली. घाईत रेषबिष काही पाहिली नाही. पत्रिकावाली बाई बघत राहिली. फुलवाल्या अक्कांना काय चाललंय ते कळलं नसावं, पण बिल्ला लावला की टाळ्या वाजवायच्या एवढं त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी वाजवल्या.

"अहो, पिन! आता तो गेला की वाया," पाहुणे म्हणाले.

आईनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिनं हनुवटी खाली करून बिल्ल्याकडे पाहिलं, लाल फीत बोटानं सारखी केली, आणि म्हणाली, "वाकडा लागलाय की गे. सरियागी लाव."