राज्यपाल झालेली माझी मैत्रीण

यवतमाळला वकिलीचं शिकताना आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो, आणि मार्क मला जास्त पडायचे. हे आधीच सांगते, कारण आज ती एका राज्याची राज्यपाल आहे आणि मी अजून पुसदच्या कोर्टात आहे.

वकिलीही आम्ही पुसदला एकाच टेबलावर सुरू केली. फुलसावंगीच्या एका बाईला भावांनी वडिलांच्या शेतात हिस्सा नाकारला होता. ती माझी पक्षकार. सगळी तयारी मी केली, साक्षीपुरावे मी नोंदवून घेतले. शेवटच्या युक्तिवादाच्या वेळी मात्र मी टायफॉइडनं अंथरुणाला खिळले आणि माझ्या जागी ती उभी राहिली. बाई जिंकली. पेपरात फोटो आला तो तिचा. तो पाहून एका पक्षाची माणसं तिच्या घरी गेली. मग ती नगराध्यक्ष झाली, आमदार झाली, मंत्री झाली. दर वेळी मी तिचे पेढे खाल्ले आणि घरी येऊन नवऱ्याशी भांडले.

मागच्या हिवाळ्यात पुसदला तिचा सत्कार झाला. त्या खटल्याबद्दल ती काय खोटं बोलते, ते ऐकायलाच मी गेले होते.

ती म्हणाली, "माझा म्हणून लोक ज्या खटल्याचं नाव घेतात, तो माझा नव्हताच. तो समोर बसलेल्या माझ्या मैत्रिणीचा. तिनं लिहून दिलं, ते मी फक्त बोलले."

टाळ्या पडल्या. मला उठून हात जोडावे लागले. इतकी वर्षं जपलेली तक्रार तिनं काढून घेतली. हेवा तेवढा तसाच राहिला, आणि आता तो कुणाला सांगायची सोयही उरली नाही.

नंतर तिनं विश्रामगृहावर बोलावलं.

"तुले राग तं नाही आला?"

"राग कायले येईन?"

"मंग तोंड काहून असं करून राह्यली?"

"डोकं दुखून राह्यलं," मी म्हटलं.

तिनं लगेच ताफ्यातला डॉक्टर बोलावला. त्यानं अदबीनं माझं बीपी पाहिलं. "एकदम नॉर्मल आहे, मॅडम," त्यानं तिला सांगितलं.

परत येताना स्कूटर चालवता चालवता नवरा म्हणाला, "किती मोठ्या मनाची बाई आहे."

"समोर पाहून चालवा," मी म्हटलं.