एक तारा आणि बादली

माझ्या मुलीचं लग्न ठरवायला आम्ही रोह्याला गेलो आणि मी होणाऱ्या विहीणबाईंच्या न्हाणीघरातली बादली साऱ्या जगाला दाखवली.

यात माझा काही दोष नव्हता, असं मी आधी म्हणून बघितलं. घरात कुणी ऐकून घेईना. म्हणून आता जसं घडलं तसं सांगतो.

मी पेणच्या शाळेत मराठी शिकवायचो. निवृत्त झालो तेव्हा मला एकच काळजी होती, आता गुण कुणाला द्यायचे? जन्मभर पेपर तपासलेला माणूस नुसता बसू शकत नाही. चहा आला की मी मनात म्हणायचो, दहापैकी सहा. (एकदा मनातलं तोंडातून बाहेर पडलं. त्यानंतर बरेच दिवस चहा मीच करत होतो.) शेवटी मुलीनं, रेवतीनं, माझ्या फोनवर नकाशा उघडून दिला.

"बाबा, इथं दुकानं, हॉटेलं, देवळं, सगळं असतं. प्रत्येकाला तारे द्यायचे. पाचपैकी. खाली दोन ओळी लिहायच्या. आता जगाला गुण द्या, आईला नको."

माकडाच्या हाती कोलीत द्यावं तसं झालं! मी ‘पेणचा परीक्षक’ असं नाव घेतलं. (खरं नाव घातलं असतं तर बाजारात मला भाजी कोणी दिली असती?) आणि सुटलो. बसस्टँडच्या मुतारीला एक तारा, तोही दार होतं म्हणून. डोंगरावरच्या देवळाला लिहिलं, ‘देव उत्तम. पुजारी सरासरी.’ स्मशानभूमीला चार तारे. ‘जागा प्रशस्त, बसायला बाक आहेत, परंतु पुन्हा यावंसं वाटत नाही.’ माझी मेहुणी घरी पोह्याचे पापड आणि मिरगुंडं करून विकते. तिला तीन तारे दिले आणि ‘गेल्या वर्षीची मिरगुंडं अधिक फुलत’ एवढंच नोंदवलं. त्या शेऱ्यावरून तिनं मला ओळखलं. तेव्हापासून आमच्याकडे मिरगुंडं विकतची येतात, तीही दुसरीकडून.

माझं लिखाण इतक्या लोकांनी वाचलं, तितक्यांना उपयुक्त वाटलं, असं फोन मला अधूनमधून कळवायचा. ‘उपयुक्त’ शब्दाशेजारी एक छोटा अंगठा असतो. त्या अंगठ्यानं माझं डोकं फिरवलं. पुढं मी आमचं घरही नकाशावर चढवलं. घर कुठल्या प्रकारात मोडतं हे फोननं विचारलं तेव्हा मला यादीत ‘पर्यटनस्थळ’ बरं वाटलं. त्याला पाच तारे मीच दिले. (एक कुटुंब खरंच तिकीट किती म्हणून विचारत फाटकाशी आलं होतं. हिनं त्यांना पाणी देऊन वाटेला लावलं आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी नकाशावर टाकू शकत नाही.)

आता मूळ गुन्हा. मागच्या थंडीत रोह्याजवळ कोलाडला आम्ही एका ओळखीच्यांकडे भेटायला गेलो होतो. त्यांच्याकडे मयत झालेलं, म्हणजे तिथं जेवणखाणाचा प्रश्न नव्हता. परतताना पोटात कावळे ओरडत होते. रस्त्याला ‘गोदाक्काची खानावळ’ अशी पाटी दिसली. आत नदीत राफ्टिंग करून आलेली, अंगावरचं पाणी निथळणारी मुंबईची मंडळी टेबलं अडवून बसलेली! त्यांना आधी वाढलं. आम्हाला नुसतं पाणी. मग पुन्हा पाणी. वालाचं बिरडं आलं तोवर माझं डोकं तापून लाल झालेलं.

घरी येऊन मी एक तारा दिला. पण ‘वाढायला उशीर झाला’ हे कुणीही लिहील. परीक्षकाचा शेरा कसा खोल हवा! म्हणून मी लिहिलं, ‘बिरड्यातले वाल रोह्याचे वाटत नाहीत. बाहेरचे असावेत.’

रोह्याचे वाल नावाजलेले. तिथल्या माणसाला हे म्हणणं म्हणजे काय, ते आमच्या भागाबाहेर कळायचं नाही. त्याला शिव्या द्या, तो हसेल. त्याच्या वालावर शंका घेऊ नका.

त्या शेऱ्याला भरपूर अंगठे मिळाले. मी विसरून गेलो.

यंदा रेवतीला स्थळ आलं. खरं तर तिनंच आणलं. ती नागोठण्याला कंपनीत लॅबमध्ये काम करते, तिथं मैत्रिणीच्या लग्नात प्रथमेश भेटला. मुलगा शिकलेला, घरचं हॉटेल सांभाळणारा. हॉटेलाचं नाव ‘द वाल स्टोरी’. मी नावाला मनात दोन तारे दिले आणि गप्प बसलो. कारण रेवती मुलाबद्दल बोलताना नखं बघत बोलत होती, आणि ही मुलगी दहावीचा निकाल बघतानासुद्धा नखं बघत नव्हती. तिला तो मनापासून आवडला होता.

घर बघायला आम्ही रोह्याशेजारच्या वरसेला निघालो तेव्हा गाडीत तिनं मला बजावलं. "बाबा, तिथं काही रेटिंग नाही द्यायचं."

"मी काय लहान आहे?"

"फोन आईकडे द्या."

"फोन राहू दे. खिशातच ठेवतो." (इथं माझं ऐकायला नको होतं.)

माणसं मोकळी, घर हवेशीर. मुलाचे वडील, सगळे त्यांना तात्या म्हणतात, आणि आई, त्या माई. जेवायला बसलो. पानात बिरडं आलं. पहिला घास घेतला आणि माझा हात थांबला. ही चव मी कुठंतरी खाल्ली होती. काय बिरडं होतं! मी मनापासून म्हणालो, "माई, असे वाल फक्त रोह्यालाच."

माईंचे डोळे भरून आले. मला वाटलं, जिंकलं!

"ऐकलंत?" त्या तात्यांना म्हणाल्या. "हे पन पेनचेच हायत. आनि तो मेला पन पेनचाच."

"कोण हो?" आमच्या हिनं विचारलं.

तात्या म्हणाले, "सोडा हो, जेवताना कशाला. कोन एक पेनचा परीक्षक हाय. त्यानं नेटवर लिवलं की आमचे वाल रोह्याचे नाय!"

मी हातातला घास पुन्हा पानात ठेवला.

प्रथमेशनं पुढचं सांगितलं. "खानावळीला माझ्या आजीचं नाव होतं, गोदाक्काची खानावळ. नाव टाकलं की पहिला तोच एक तारा दिसायचा. गिऱ्हाईक विचारायला लागलं, वाल कुठले? मग ब्रँडिंगवाल्या पोरांनी सांगितलं, नाव बदला. बदललं. पण नाव बदललं तरी तारा तिथंच! तो निघतच नाही."

"सासूचं नाव पाटीवरनं उतरवलं," माई म्हणाल्या. "तिनं मला शिकवलं बिरडं. त्या दिवशी मी चूल पेटवली नाय. तो मानूस मला सापडू दे फकस्त."

हिनं माझ्याकडे बघितलं. परीक्षक कोण ते तिला कळलं होतं! तिनं माझ्या पानात वाढलेला पापड उचलून स्वतःच्या पानात घेतला. मी कुठल्या नावानं लिहितो, हे रेवतीला ठाऊक नव्हतं. ती प्रथमेशकडे बघून हळहळत होती. मला माझीच लाज वाटली. ज्या घरात रेवतीला आयुष्य काढायचंय, त्या घराची पाटी मी उतरवली होती, आणि कशासाठी, तर वाढायला उशीर झाला म्हणून!

"हात धुऊन येतो," म्हणून उठलो आणि न्हाणीघरात शिरून कडी लावली.

बेत साधा होता. शेरा उघडायचा, एक तारा पुसायचा, पाच द्यायचे, ‘क्षमस्व’ लिहायचं. पण हात ओले. चष्मा बाहेर पानाशेजारी. एक बटण दाबलं तर नकाशा फिरला. दुसरं दाबलं तर मला स्मशानभूमीचा रस्ता दाखवायला लागला. तिसरं दाबलं आणि फोननं खचाक् केलं! मी घाबरून चौथं दाबलं. (आमच्या घरात दिवाणखान्यातसुद्धा रेंज नसते. इथं न्हाणीघरात पूर्ण!) पडद्यावर मोठी अक्षरं आली. तेवढी चष्म्याशिवाय वाचता आली. ‘धन्यवाद! तुमचा फोटो प्रकाशित झाला.’

कसला फोटो?

बाहेर टिंग वाजलं.

"आई!" प्रथमेशचा आवाज. "त्याच परीक्षकानं आत्ता फोटो टाकलाय!"

"कशाचा रं?"

"बादलीचा."

"बादलीचा? खानावळीत बादली कुठली?"

"बघ ना. पितळेची. वर लाल रंगात लिहिलंय... गोदाक्का, वरसे."

आमच्याकडे पंगतीला भांडी इकडून तिकडे जातात, म्हणून प्रत्येक घरचं नाव भांड्यावर घातलेलं असतं. ती बादली माझ्यासमोर होती. नाव माझ्याचकडे तोंड करून!

"गो माय!" माई किंचाळल्या. "ही तर आपल्या न्हानीतली! तो मानूस आपल्या घरात हाय!"

तात्या काठी मागायला लागले. मग एकेकानं माणसं मोजली असावीत, कारण बाहेर अचानक शांतता झाली. त्या शांततेत मी कडी काढली. शाळेत पर्यवेक्षणाला गेल्यावर मुलं जशी माझ्याकडे बघायची, तसे सगळे बघत होते. फरक इतकाच की कॉपी माझ्या हातात होती.

"सर," तात्या म्हणाले, "तुमी?"

मी तोंड उघडलं, पण आमच्या हिनं मला मागं टाकलं. "तेच ते! आणि माई, खोटं लिहिलंय हो यांनी. त्या दिवशी तीनदा बिरडं मागून घेतलं. माझ्या ताटातलंसुद्धा संपवलं! वाढायला उशीर झाला म्हणून राग. वालाचं यांना काय कळतंय!"

रेवती नखं बघत होती, पण ते बघणं वेगळं होतं. ते मला बघवेना. मी माईंसमोर हात जोडले. "चुकलो. बिरडं उत्तम होतं. मी भुकेला आणि खोटारडा होतो. शिक्षा मला करा, पोरीला नको."

माई उठून आत गेल्या. त्या मुलीची ओटी परत मागतात की काय, असं मला वाटलं. (अजून भरलीच नव्हती, पण माणसाला काहीही वाटतं.) त्या मोड आलेल्या वालांचं भलंमोठं पातेलं घेऊन आल्या आणि माझ्यापुढं दाणकन ठेवलं.

"बसा. सोला."

मी फतकल मारून बसलो. माझ्या डोक्यावरून लग्नाची बोलणी सुरू झाली. मुहूर्त, मंडप, मानपान, कुणीही मला काही विचारलं नाही. भिजलेला वाल जोरात चिमटला की सालीतून सटकतो, हे मला माहीत नव्हतं. माझा एक वाल सटकला तो थेट तात्यांच्या कपाळावर, आणि तिथून टप्पा घेऊन चहात! तात्यांनी चहात बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ह्यो तरी रोह्याचा हाय ना, सर?"

माई आधी पदरानं तोंड झाकून हसल्या, मग पदर सोडून हसल्या. "पोरीत काय दोष नाय," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "बापाचं काय, कुनाला बाप धड मिळतो?" रेवती माझ्या शेजारी येऊन बसली आणि वाल सोलायला लागली. तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

या सगळ्याचं प्रथमेश चित्रीकरण करत होता, हे मला आठवड्यानं कळलं. तेही मेहुणीकडून! ‘एक तारा देणाऱ्यांचं पुढं काय होतं’ या नावानं, सुरुवातीला बादलीचा फोटो लावलेला तो व्हिडिओ पेणच्या बाजारात फोनाफोनांवर फिरत होता. मेहुणी पापड घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी तो दाखवत होती, मग पापड देत होती. कोलाडला माणसं ‘ती बादलीवाली खानावळ कुठली’ म्हणून विचारत यायला लागली. प्रथमेशनं ‘द वाल स्टोरी’ काढून ‘गोदाक्काची खानावळ’ ही पाटी पुन्हा चढवली आणि तिच्यावर बादली रंगवून घेतली. आता तिथं बिरडं छोट्या पितळी बादलीत वाढतात. ब्रँडिंगवाली पोरं म्हणे चाट पडली, असं डोकं कुणाचं म्हणून विचारत होती.

लग्न थाटात झालं. पाठवणीनंतर घर इतकं शांत झालं की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. त्यात फोन टिंग वाजला. आमच्या पर्यटनस्थळाला नवा अभिप्राय आला होता, माईंचा. अक्षर न् अक्षर त्यांचंच.

‘चहा गोड हाय. पोहे कोरडे. पंखा आवाज करतो. मानूस लय बोलतो. घरातली एकच चांगली वस्तू होती ती आमी घेऊन आलो. मागं राहिलेल्या घराला एक तारा.’

मी पुन्हा पुन्हा वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं. खाली ‘उपयुक्त’चा अंगठा आधीच कुणीतरी दाबलेला होता. मी मान वर केली, तर स्वयंपाकघराच्या दारात आमची ही फोन हातात धरून उभी.

दुसरा अंगठा मी दाबला. उत्तर बरोबर असलं की गुण द्यावेच लागतात.