डोंगरावरची पहिली मेढ

"ए, उठ तितनं. तुमचं पान खाली, बांधाच्या पल्याड."

पाटील बोलला. माझ्या हातातला घास हातातच ऱ्हायला.

सकाळपास्नं आमी धरनाच्या खोदकामात बसून व्हतो. मुळशीची समदी गावं बसली व्हती, कंपनीचं काम बंद पाडायला. पोलिसानं पाटलाच्या सुनेला वढलं, तसंच मलाबी वढलं. तिचा हात माझ्या हातात व्हता. दोघी मिळून मातीत पडलो. तवा विटाळ झाला न्हाई. देवळाफुडं भाकरी वाढल्यावर झाला.

पुण्याचे वकीलसाहेब पंगतीतच व्हते. ही माती सगळ्यांची आई, असं सकाळी तेच म्हनले व्हते. मी त्यांच्याकडं बघितलं. ते हळूच म्हनले, "बाई, आज वाद नको. आधी जमीन वाचवू, मग हे बघू."

भूक लई लागली व्हती. भाकरी तितंच ठिवली आन् महारवाड्यात आले. दुसऱ्या दिशी परत खोदकामात जाऊन बसले. बुडनार तर माझंबी घर व्हतं. करनार काय?

आमी हरलो. धरन झालं. वकीलसाहेब पुण्याला गेले. पानी चढलं तसं आमीबी डोंगर चढलो, डोक्यावर मडकी, काखंत पोरं. मला आपलं वाटलं, एवढं गाव बुडालं, त्याच्यासंगं आनखी काय तरी बुडालं आसंल.

वर पाटील काठी घिऊन हुबा. त्याचाबी वाडा पान्यात गेलेला. डोळं सुजलेलं. मला त्याची कीव आली. तेवढ्यात त्यानं काठीनं वढ्याची खालची बाजू दावली.

"महारवाडा हितं."

म्हंजी वर त्यांनी म्हशी धुवायच्या, खाली आमी तेच पानी प्यायचं.

"न्हाई," मी म्हनले.

"काय न्हाई?"

"गाव बुडालं, पाटील. गावाची रीतबी बुडाली. आमी वर ऱ्हानार."

माझा नवरा मान खाली घालून हुबा व्हता. दमलेला. मीबी दमले व्हते. चालत वढ्याच्या वरच्या अंगाला गेले, खड्डा खांदला, खोपटाची पहिली मेढ हुबी केली. कुनी हात लावला न्हाई. आमच्यातल्याबी कुनी न्हाई.

सांजच्याला बघितलं तर मेढ उपटून फेकलेली.

मी परत पुरली. ह्या बारीला आनखी खोल. उपटू द्या. रोज उपटली तर रोज पुरीन, पर खाली जानार न्हाई.