बिऱ्हाडं बांधणारी

खोकीमावशी बशा कधी आडव्या रचत नाही. कागदात गुंडाळून उभ्या लावते, पुस्तकांसारख्या. आडव्या ठेवल्या की एकमेकींच्या उरावर बसतात आणि सगळ्यात खालची मरते, असं ती म्हणते, आणि वर "घरात असतं तसंच" असंही पुटपुटते. पेला गुंडाळताना कागदाचं एक टोक आत, दोन वेढे, उरलेलं टोक तळाशी. हात चालू असताना ती बघते खिडकीबाहेर.

घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत ती पॅकिंगचं काम करते. लोकांची बिऱ्हाडं बांधता बांधता तिचे केस पांढरे झाले. आमच्या आसपास तिला सगळे खोकीमावशी म्हणतात, तिच्याहून वयाने मोठे असलेलेही, कारण रिकामं खोकं हवं असलं की तिचंच दार वाजवायचं.

कामाचे तिचे दोन नियम. पहिला, पहिल्या रात्रीचं खोकं. नव्या घरी गेल्यावर ज्याच्याशिवाय रात्र निघणार नाही ते सगळं एका खोक्यात घालायचं आणि ते गाडीत शेवटी चढवायचं: चादर, टॉवेल, चहाचं सामान, गोळ्या. दुसरा नियम, लोकांच्या घरात जे दिसेल ते तिथेच ठेवून यायचं. पॅकिंगवालीच्या हाताला काय लागत नाही? गादीखालची पत्रं, नवऱ्याने पिठाच्या डब्यामागे लपवलेली बाटली, घडी न मोडलेली बाळाची झबली. मावशी ते नीट गुंडाळते आणि विसरते. नव्या मुलींना सांगते, "डोळे कामाला आणा, तोंड घरी ठेवून या."

हा दुसरा नियम घरीही पाळावा लागायचा, कारण घरी सासूबाई होत्या.

मुलगी सासरी गेली, नवरा गेला, तेव्हापासून दोघीच. सासूबाईंचे गुडघे गेले होते, पण जीभ ठणठणीत. दुसऱ्या मजल्यावर दाराबाहेर, जिन्याच्या वळणावर त्यांची खुर्ची. येणारा-जाणारा तिथे क्षणभर थांबल्याशिवाय पुढे जाऊ शकत नसे. त्यांच्या पोटात काही राहत नाही हे जगजाहीर होतं. तळमजल्यावर कुणाचं दूध नासलं तर ते सांडायच्या आत वरच्या मजल्याला कळायचं. म्हणून सून त्यांना काहीच सांगत नसे. दिवस गेल्याचंही पोट दिसायला लागल्यावर सांगितलं होतं.

"आमची सून म्हणजे तिजोरी आहे," सासूबाई जिन्यावरच्या लोकांना सांगायच्या. "आणि मी बाहेरची पहारेकरी. आत काय आहे मला काय माहीत."

त्या वर्षी मावशीच्या कंपनीला असं काम आलं की मालकाने दुसरा ट्रक घेतला. जुन्या इमारती कुणीतरी घाऊक विकत घेत होतं. रंग लावायचा, जिन्यात झाडाची कुंडी ठेवायची आणि दुप्पट भाड्याने घरं द्यायची. आधीचे भाडेकरू कुठे गेले हे फक्त ट्रकवाल्यांना माहीत. मावशीने त्या वर्षी अख्ख्या गल्ल्या बांधल्या. हाताला उसंत नव्हती, आणि घरी आल्यावर जेवण जात नव्हतं.

मग तिच्या स्वतःच्या दारात एक गृहस्थ आला. नव्या मालकाचा माणूस. इतकं हळू आणि मऊ बोलायचा की मावशीने मनात त्याचं नाव मऊसाहेब ठेवलं. सासूबाई तेव्हा आंघोळीला गेल्या होत्या.

"पुढल्या महिन्यापासून भाडं दुप्पट होतंय," तो म्हणाला. "बाकीच्यांना परवडतंय, त्यांचं काही म्हणणं नाही. तुमची ओढाताण होईल म्हणून आधी तुमच्या कानावर घातलं. शांतपणे सोडलंत तर अनामत पूर्ण मिळेल. बोभाटा केलात तर वकील बघतील. आणि ताई, कुणाशी बोलू नका. उगाच तुमचीच शोभा."

सासूबाई केस पुसत बाहेर आल्या. "कोण होतं गं?"

"मीटर बघायला आला होता."

मावशी जागा शोधायला लागली. शहराच्या पार टोकाला एक खोली सापडली. घरवाला म्हणाला, म्हातारी माणसं नकोत, जिन्यात बसतात.

आणि मग सासूबाई झोपल्या की लोक खोकी मागायला यायला लागले. पहिले आले वरच्या मजल्यावरचे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. "मुलाने मोठं घर घेतलंय. हट्टच धरून बसलाय. पण तुमच्यापाशीच राहू द्या हं, लोकांची नजर वाईट." मग नर्सबाई. "बढती मिळाली. हॉस्पिटलचं क्वार्टर देतायत. एवढ्यात बोलू नका, अजून कुणाला माहीत नाही." मग तळमजल्यावरचा केस कापणारा. "दुकान मोठं करतोय, मावशी. राहायलाही तिथेच वर. पक्कं होईपर्यंत गप्प."

मावशीने प्रत्येकाचं अभिनंदन केलं, खोकी दिली, शब्द दिला. माणसाचं कपाट उघडलं की त्याची जन्मकुंडली वाचणारी ही बाई, पण शेजाऱ्यांचं बोलणं तिने डोळे मिटून खरं मानलं. सगळी इमारत वर चढतेय आणि आपण दोघीच खाली घसरतोय, असं मनात घेऊन ती भांडी घासत राहिली.

मास्तरांची बांधाबांध तिने रविवारी करायला घेतली. पुस्तकं झाली, कपडे झाले. शेवटी ती म्हणाली, "पहिल्या रात्रीच्या खोक्यात काय घालू?"

"स्टोव्ह घाला. तो छोटा टोप. बादली. आणि एक बल्ब ठेवलाय तिथे."

मावशीचा हात थांबला. "मुलाच्या घरी बादली नाही?"

"असेल की."

"आणि बल्ब?"

मास्तर पलंगावर बसले. "खोलीवाला म्हणाला, बल्ब आपला आणायचा."

"मास्तर, मुलगा?"

"मुलगा दोन खोल्यांत चौघांना घेऊन राहतो. त्याला मी काही कळवलेलं नाही." मग खाली बघत म्हणाले, "इथे सगळ्यांना परवडतंय. मला एकट्यालाच नाही जमत."

"असं कोण म्हणालं? हळू बोलणारा? पायपुसण्यावर बूट घासत बसणारा?"

मास्तरांनी मान वर केली.

"तो माझ्याकडेही येऊन गेला," मावशी म्हणाली.

"म्हणजे आपण दोघंच," मास्तर म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलेलं स्पष्ट दिसलं.

पण मावशीच्या डोळ्यांसमोर आता नर्सबाई उभी होती, क्वार्टरला जाण्याआधी कपाट विकून टाकणारी. दुकान मोठं करणाऱ्याची बायको उभी होती, आरसे विकायला काढणारी. एकीची बढती आणि दुसऱ्याचं दुकान तिच्या ओठांवर आलं. तिने गिळलं. शब्द दिला होता.

"माझं मात्र कुठे बोलू नका," मास्तर म्हणाले. "या जिन्यात लोक अजून मला वाट देतात. तेवढं असू दे."

मावशीने त्यांनाही शब्द दिला आणि बाहेर येऊन जिन्यात कपाळाला हात लावून उभी राहिली. मऊसाहेबाने दारोदार जाऊन प्रत्येकाला एकटं पाडलं होतं, आणि त्याची कुलपं सांभाळायचं काम फुकटात तीच करत होती. हे लोक एकमेकांशी बोलले नाहीत तर महिन्याभरात इमारत रिकामी होणार होती. दुसऱ्यांचं ती बोलू शकत नव्हती. स्वतःचं बोलू शकत होती. पण एकेका दारात जाऊन आपली फजिती सांगायची हिंमत होत नव्हती.

मग तिला युक्ती सुचली आणि ती एकटीच हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना तिने आवाज खाली आणला. "आई, एक सांगते. पण कुणाला सांगू नका."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. सुनेने सगळं सांगितलं: मऊसाहेब, दुप्पट भाडं, टोकाची खोली. सासूबाईंनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मावशी डबा घेऊन कामाला गेली, आणि दिवसभर पेले गुंडाळताना गालात हसत राहिली. आता तळमजल्यावर पोचलं असेल. आता मास्तर खाली उतरले असतील.

संध्याकाळी परतली तर जिना थंड. केस कापणारा दारात उभा होता. "काय मावशी, आज लवकर?" बस, एवढंच.

वर खुर्ची जागेवर नव्हती. दार बंद. आत सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, चेहरा दाढ दुखत असल्यासारखा.

"आई, बरं नाही का?"

"दिवसभर आत बसले. बाहेर बसले असते तर तोंडातून गेलं असतं."

"म्हणजे कुणालाच नाही सांगितलंत?"

"तू नको म्हणालीस ना." त्यांनी पदर सारखा केला. "लग्न होऊन आलीस तेव्हापासून पहिल्यांदा आपणहून मला काही सांगितलंस. ते काय मी जिन्यात वाटत बसू?"

मावशी तशीच खाली बसली. रडू आणि हसू दोन्ही एकदम बाहेर पडलं.

"आई, अहो, तुम्ही सगळ्यांना सांगावं म्हणूनच तुम्हाला सांगितलं."

सासूबाई तिच्याकडे वळल्या. "मग 'सांगू नका' कशाला म्हणालीस?"

"तसं म्हटलं की तुमच्याकडून लवकर जातं."

रागवावं की नाही हे ठरवायला सासूबाईंना जरा वेळ लागला. शेवटी त्यांच्यातला कसबी माणूसच जिंकला. "अख्खा दिवस वाया घालवलास. अगं, सकाळची वेळ कशी असते. लोक ताजे असतात, ऐकलेलं कामावर जाण्याआधी चार जणांना सांगून जातात. आता दमून आलेल्यांना काय सांगू?" मग काठी शोधत उठल्या. "खुर्ची बाहेर काढ. आणि ते रडणं तेवढं पूस, नाहीतर लोक आधी तुलाच विचारतील."

केस कापणाऱ्याची बायको वाळलेले कपडे काढायला गच्चीवर चालली होती. तिला पहिलं सांगितलं. ती तिथेच पायरीवर बसली. "आजी, आमच्याकडेही आला होता तो." मग नर्सबाई आल्या, ऐकलं, पर्स जमिनीवर टाकली आणि म्हणाल्या, "बढती कसली, दोन वर्षं पगार वाढला नाही." दारं उघडायला लागली. कुणाच्या हातात लाटणं होतं, कुणाच्या कडेवर पोर. बघता बघता जिना भरला आणि जो येईल तो तेच सांगायला लागला, आणि मावशीला मारलेली थापही.

"आणि तुमचं मोठं दुकान?" नर्सबाईंनी विचारलं.

"ते तुमच्या क्वार्टरच्या शेजारीच आहे," केस कापणारा म्हणाला. पायरीपायरीवर बसलेली माणसं अशी हसली की समोरच्या इमारतीतले खिडक्यांत आले.

मास्तर सगळ्यात शेवटी उतरले. वळणावर थांबून, वर्गात उभे राहावं तसे उभे राहून म्हणाले, "माझ्या मुलाने मोठं घर घेतलेलं नाही."

"मास्तर, तुमच्याकडे खोकी जाताना बघून आम्ही किती जळत होतो तुमच्यावर," केस कापणाऱ्याची बायको म्हणाली, आणि सरकून त्यांना बसायला जागा दिली.

त्या आठवड्यात नर्सबाईंच्या ओळखीने भाडेकरू संघटनेतली एक बाई येऊन गेली. तिने सगळ्यांचे करार बघितले. असं एकदम दुप्पट करता येत नाही, ती म्हणाली. काढायचं तर कोर्टात जावं लागतं, त्याला वर्षं लागतात. म्हणूनच तो माणूस एकेकाकडे येतो. तुम्ही आपल्या पायांनी गेलात तर कोर्टाची गरजच नाही. रिकाम्या घराला हवं ते भाडं लावता येतं.

पुढच्या रविवारी मऊसाहेब आला तेव्हा केस कापणाऱ्याने त्याला दारातूनच सांगितलं, "वर या साहेब, चहा ठेवलाय." मावशीच्या खोलीत सगळी इमारत बसली होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून निम्मे लोक भरलेल्या खोक्यांवर.

मऊसाहेबाने सगळ्यांकडे बघितलं. "प्रत्येकाची अडचण वेगळी असते. मी एकेकाशी खाजगीत बोलतो."

"खाजगी माझ्यासमोरच बोला," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सांगायचं मलाच आहे."

त्याने चहा घेतला. काय करणार. कप उचलताना त्याचा आवाज पहिल्यांदा नेहमीच्या माणसासारखा निघाला.

प्रकरण तेवढ्यावर मिटलं नाही. पत्रं आली, पाणी दोन वेळा 'दुरुस्तीसाठी' बंद झालं, दोन्ही वेळा सगळे मिळून मालकाच्या कचेरीत जाऊन बसले. सासूबाईंना खुर्चीसकट नेलं. कचेरीतल्या माणसांना त्यांनी इमारतीचा सगळा इतिहास सुरुवातीपासून सांगायला घेतला. तिसऱ्यांदा पाणी गेलं नाही. शेवटी भाडं वाढलं, पण झेपेल इतकंच, आणि पुढली काही वर्षं तेच राहील असं लिहून मिळालं.

मावशीने एका सुट्टीच्या दिवशी मास्तरांची पुस्तकं परत फळीवर लावून दिली. बांधलेलं बिऱ्हाड उलगडण्याचं काम तिने पूर्वी कधी केलं नव्हतं. बांधण्यापेक्षा ते फारच लवकर होतं, ती म्हणाली, आणि मध्येच चहाही पिता येतो.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतली एक बाई दारात आली. रिकामी खोकी मागेल म्हणून मावशी आत वळली, तर ती चाचरत म्हणाली, "खोकी नकोत. आमच्याकडेही तो हळू बोलणारा येऊन गेलाय. कुणीच कुणाशी बोलत नाहीय. तुमच्या सासूबाई दोन दिवस आमच्याकडे येतील का?"

आतून काठी आपटल्याचा आवाज आला.

"तिला विचार, जिन्यात उजेड आहे ना," सासूबाई म्हणाल्या. "अंधारात माणसं थांबत नाहीत."